स्मोल्नीच्या सात चित्रांचा चित्रकार



ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथं जमतो, ते आमचे चित्रकलेचे सर वर्गात एक पाकीट घेऊन यायचे. त्यात सोव्हिएत काळात छापलेली चित्रांची कार्डं असायची. त्या काळात मुंबईत लोकवाङ्मय गृहाकडे रशियन पुस्तकं अगदी स्वस्त मिळत, आणि सर पगारातून थोडे पैसे बाजूला टाकून तिथून चित्रांचं काही ना काही घेऊन येत. त्यातलं एक कार्ड ते आमच्यापैकी प्रत्येकाच्या हातात देत. चित्रात दोन लहान मुली. एकीने मुलाचा पोशाख केलेला, कमरेवर हात, चेहऱ्यावर खट्याळ धिटाई. दुसरीच्या हनुवटीला ती हात लावते आहे. आणि ती दुसरी मुलगी, तिच्या अंगावर इतका सुंदर झगा, तरी ती अवघडून गेलेली. सर विचारायचे, “ही मुलगी नाटक करतेय की नाटकात अडकलीय?” उत्तर ते कधीच द्यायचे नाहीत. त्या प्रश्नाचं उत्तर शोधत शोधत मी त्या चित्रकारापर्यंत गेलो. आज त्याच्याविषयी बोलणार आहे: दिमित्री लेव्हित्स्की, कॅथरीन दुसरी हिच्या काळातला रशियन व्यक्तिचित्रकार.

त्याला रशियन म्हणताना एक गोष्ट आधी सांगायला हवी. त्याचा जन्म 1735 च्या सुमाराचा, आणि घराणं युक्रेनमधलं. वडील ग्रिगोरी हे धर्मगुरू, आणि त्याचबरोबर कीवच्या पेचेर्स्क मठाच्या छापखान्यासाठी काम करणारे नामांकित कोरीवकार. तांब्याच्या पत्र्यावर सुईने रेघ ओढायची, ती आम्लाने खोल करायची, मग शाई भरून कागदावर ठसा घ्यायचा, हे काम ज्या घरात चालतं, त्या घरातल्या मुलाला रेघ चुकली की काय होतं ते लहानपणीच कळतं. चुकलेली रेघ पुसता येत नाही. लेव्हित्स्कीच्या तैलचित्रांत नाकाच्या कडेची, पापणीची, ओठांच्या कोपऱ्याची जी नेमकी रेघ दिसते, तिचं मूळ मला वडिलांच्या त्या तांब्याच्या पत्र्यात दिसतं.

1752 मध्ये पीटर्सबर्गहून आलेक्सेइ आंत्रोपोव्ह हा चित्रकार कीवला आला. रास्त्रेल्ली या वास्तुकाराच्या आराखड्याप्रमाणे तिथे सेंट अँड्र्यूचं चर्च उभं राहत होतं, त्याच्या आतल्या चित्रांचं काम आंत्रोपोव्हकडे होतं. तरुण लेव्हित्स्की त्याच्या हाताखाली आला आणि पुढे 1758 च्या सुमारास त्याच्यामागे पीटर्सबर्गला गेला. तिथं तो गुरूच्याच घरी राहिला. आंत्रोपोव्हची व्यक्तिचित्रं पाहिलीत तर ती ठोकळेबाज, जड आणि प्रामाणिक वाटतात. गालावरची लाली रंगवताना तो कचरत नाही, म्हाताऱ्या बाईचं वय लपवत नाही. शिष्याने गुरूकडून हा प्रामाणिकपणा घेतला, जडपणा मागे ठेवला. 1762 मध्ये कॅथरीनच्या राज्याभिषेकासाठी मॉस्कोत विजयकमानी उभ्या राहिल्या, त्या सजवण्याच्या कामावर हे दोघेही होते. सम्राज्ञीशी लेव्हित्स्कीचा पहिला संबंध असा आला: लाकडी कमानीवर चढून रंग लावणारा एक कारागीर म्हणून.

त्याचं नाव झालं ते 1770 मध्ये. पीटर्सबर्गच्या कला अकादमीच्या प्रदर्शनात त्याने वास्तुकार अलेक्सांद्र कोकोरिनोव्ह यांचं व्यक्तिचित्र मांडलं. कोकोरिनोव्ह अकादमीचे प्रमुख होते आणि अकादमीची नवी इमारत त्यांच्या आराखड्याप्रमाणे उभी राहत होती. चित्रात ते भरजरी कोट घालून उभे आहेत, एक हात त्या आराखड्याकडे वळलेला. चित्राची मांडणी त्या काळच्या प्रघाताप्रमाणेच आहे: मान्यवर उभे, बाजूला त्यांच्या कामगिरीची खूण, अंगावर हुद्द्याला शोभणारे कपडे. पण चेहरा थकलेला आहे. हा माणूस आपल्याला काही दाखवतो आहे, आणि दाखवताना त्याचं मन दुसरीकडेच आहे. कोकोरिनोव्ह त्यानंतर दोनच वर्षांनी वारले. या चित्रावर लेव्हित्स्कीला अकादमीचं सदस्यत्व मिळालं आणि 1771 पासून तिथला व्यक्तिचित्रणाचा वर्ग त्याच्याकडे आला.

हा वर्ग अकादमीत खालच्या पायरीचा मानला जायचा, हे लक्षात ठेवा. त्या काळच्या अकादमीत इतिहासातले आणि पुराणातले प्रसंग रंगवणारा चित्रकार सर्वांत वरचा. व्यक्तिचित्रकार म्हणजे समोर बसलेल्याची नक्कल करणारा, असा समज. त्याने कल्पनेने काही घडवलेलं नसतं, म्हणून मान कमी. व्यक्तिचित्रकाराला चित्राची कल्पना मागणारा देतो, पोशाख मागणारा ठरवतो, मागचा खांब आणि पडदा प्रथा ठरवते. मग त्याचं स्वतःचं असं काय उरतं? चेहरा आणि हात. लेव्हित्स्कीची सगळी मोठी कामगिरी या दोन वितींच्या जागेत झाली. माझं म्हणणं असं आहे की जो माणूस त्याच्यासमोर खरोखर बसला, त्याच्या बाबतीत या जागेत तो कधी खोटं बोलला नाही. आणि जो बसला नाही, त्याच्या बाबतीत त्याच्याकडे सांगायला काही नव्हतं.

आता स्मोल्नीकडे येतो. 1764 मध्ये कॅथरीनने पीटर्सबर्गमध्ये उमरावांच्या मुलींसाठी एक शाळा काढली, तीच ही स्मोल्नी. इव्हान बेत्स्कोई हा तिचा सल्लागार त्या योजनेमागे होता. कल्पना अशी की घरच्या जुन्या वळणापासून मुलींना दूर ठेवलं तर नव्या तऱ्हेची माणसं घडवता येतील. म्हणून पाच-सहा वर्षांची मुलगी आत घ्यायची आणि अठराव्या वर्षी बाहेर सोडायची. मधल्या बारा वर्षांत मुलीला परत मागणार नाही, असं आईवडिलांकडून लिहून घेत. वयाप्रमाणे झग्याचा रंग ठरलेला: सर्वांत लहान मुलींना कॉफीच्या रंगाचा, पुढे निळा, मग राखाडी, आणि शेवटच्या तीन वर्षांत पांढरा. या मुली नाटकं करत, नाचत, गात, वाद्यं वाजवत, भाषा आणि विज्ञान शिकत. दरबारातले लोक त्यांचे खेळ पाहायला येत. कॅथरीनला या शाळेचा फार अभिमान होता, आणि त्या अभिमानापोटीच 1772 ते 1776 या काळात लेव्हित्स्कीकडून सात चित्रं काढून घेतली गेली. सात चित्रांत नऊ मुली आहेत.

पहिल्या चित्रात र्झेव्स्काया आणि दाविदोवा, एक निळ्या झग्यात, एक कॉफीच्या रंगाच्या. हे चित्र थोडं अवघडलेलं आहे, चित्रकार अजून चाचपडतो आहे. दुसरं चित्र म्हणजे सरांच्या पाकिटातलं कार्ड: ख्रुश्चोवा आणि खोवान्स्काया, 1773. फ्रेंच संगीतिकेतला मेंढपाळ आणि त्याची प्रेयसी. मुली अकरा-बारा वर्षांच्या. ख्रुश्चोवा राखाडी पुरुषी पोशाखात, रंगभूमीवर मुरलेली. ती प्रेक्षकांच्या दिशेने खेळते आहे. खोवान्स्कायाला खेळणं जमत नाही. तिची मान ताठ आहे, नजर बाजूला सरकली आहे. मूळ भूमिका असं सांगत होती की मेंढपाळीण लाजते आहे. लेव्हित्स्कीने लाजणारी मेंढपाळीण रंगवली नाही. अभिनय येत नसलेली, घरापासून तुटलेली एक मुलगी रंगवली, जिला लाजण्याचं काम दिलं आहे. या दोन्हींतलं अंतर ज्याला कुंचल्याने धरता येतं, तो नक्कल करणारा नव्हे.

हे चित्र राजवाड्यात लागणार होतं. शाळेच्या यशाची जाहिरात म्हणून ते मागवलं होतं. आणि चित्रकाराने सगळं दिल्याप्रमाणे केलं: झग्याची चमक दिली, मागे रंगमंचाचा देखावा दिला, प्रसंग दिला. फक्त मुलीच्या चेहऱ्यावर त्याने खोटा आनंद घातला नाही. मला हे धैर्य वाटतं. आरडाओरडा न करणारं, हुकूम मोडल्याचं कुणाच्या ध्यानातही न येणारं धैर्य.

तिसरी नेलिदोवा, तीही 1773 चीच. पेर्गोलेसीच्या संगीतिकेतली चतुर मोलकरीण सेर्पिना या भूमिकेत नाचताना. पारदर्शक एप्रनची कड तिने बोटांच्या टोकांनी उचलली आहे. ती रूपवान नव्हती, आणि लेव्हित्स्कीने तिला रूपवान केलेलं नाही. पण त्या काळ्याभोर डोळ्यांत बुद्धी आणि खोडी एकत्र नांदतात. पुढे कॅथरीनचा मुलगा पॉल सम्राट झाला तेव्हा दरबारात हिच्या शब्दाला वजन होतं. चित्र पाहून ते खरं वाटतं. चित्रकाराला पुढचं ठाऊक नव्हतं. त्याने फक्त पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीकडे नीट पाहिलं.

चौथं चित्र लेव्शिनाचं, 1775 मधलं. ही मुलगी कॅथरीनशी पत्रव्यवहार करायची. त्यानंतर 1776 मधली शेवटची तीन: बोर्श्चोवा नाचते आहे, मोल्चानोवा हातात पुस्तक घेऊन बसली आहे आणि तिच्या शेजारी भौतिकशास्त्राचं एक उपकरण आहे, आलिमोवा हार्प वाजवते आहे. आता मुली मोठ्या झाल्या आहेत, शाळा संपते आहे. याच वर्षी स्मोल्नीची पहिली तुकडी बाहेर पडली. आलिमोवाच्या मागे एक दुःखाची गोष्ट आहे. तिने पुढे आठवणी लिहिल्या. वडील वारल्यावर तिचा जन्म झाला, ती एकोणिसावं मूल, आणि आईने तिला जवळ घेतलं नाही. त्यानंतर स्मोल्नी. तिथे म्हातारा बेत्स्कोई तिच्यात इतका गुंतला की तिचं जगणं अवघड झालं. चित्रात ती अठरा वर्षांची आहे. अंगावर पांढरं साटिन, शेजारी हार्प. ती सरळ आपल्याकडे पाहते आणि तिच्या नजरेत मला स्वतःला सावरून धरण्याचा निश्चय दिसतो. हार्पवर तिचं खरंच प्रभुत्व होतं. म्हणून या चित्रात सोंग नाही, खोवान्स्कायाच्या उलट.

तंत्राविषयी इथे थोडं बोलतो, कारण समोर विद्यार्थी बसले आहेत. या चित्रांत पाहणाऱ्याची नजर खाली ठेवली आहे, जणू आपण रंगमंचासमोर पहिल्या रांगेत बसलो आहोत. आकृत्या जवळजवळ माणसाएवढ्या आहेत. साटिन रंगवताना तो चमक पांढऱ्या रंगाने भरून टाकत नाही; कापड जिथे मोडतं, तिथेच उजळ फटकारा येतो, आणि बाकीचं काम पातळ, पारदर्शक थरांनी होतं. त्यामुळे कापड वजनदार वाटतं. चेहऱ्यावर मात्र फटकारा दिसतच नाही. तिथे तो हळू चालतो. कापड आणि चेहरा या दोन्हींना दोन वेगळ्या चाली देणं, हे तुम्ही उद्या स्वतः करून पाहा. फार कठीण आहे.

1773 हे वर्ष त्याच्यासाठी विलक्षण गेलं. याच वर्षी त्याने प्रोकोफी देमिदोव्हचं भलंमोठं चित्र केलं. देमिदोव्ह म्हणजे उरलमधल्या खाणी आणि लोखंडाच्या कारखान्यांवर गबर झालेल्या घराण्याचा वारस, मॉस्कोच्या अनाथालयाचा मोठा देणगीदार, आणि झाडांचा वेडा. मोठ्या सरदाराच्या चित्राला लागणारं सगळं इथे आहे: खांब, गुंडाळलेला पडदा, हात पसरून दाखवण्याची ऐट. पण अंगात घरातला झगा, डोक्याला रात्रीची टोपी, कोपर झारीवर टेकवलेलं. सेनापती जिंकलेल्या किल्ल्याकडे बोट करतो, तसा हा माणूस कुंड्यांतल्या रोपांकडे बोट करतो. दूरवर अनाथालयाची इमारत दिसते. रोपं आणि पोरकी मुलं यांचं नातं चित्रात न बोलता जुळतं. कुणी म्हणतात, हे विक्षिप्त माणसाचं विक्षिप्त चित्र. मला तसं वाटत नाही. आपल्या मालमत्तेपेक्षा आपली झारी दाखवावीशी वाटणारा माणूस लेव्हित्स्कीसमोर होता, आणि त्याला राजेशाही चित्राचा सगळा मान त्याने झारीसकट दिला.

त्याच वर्षाच्या शेवटी फ्रेंच तत्त्वज्ञ दिदरो पीटर्सबर्गला आला. कॅथरीनने 1765 मध्ये त्याचा ग्रंथसंग्रह विकत घेऊन तो त्याच्याकडेच ठेवला होता. त्याबद्दल तिचे आभार मानायला तो ऑक्टोबर 1773 मध्ये पोहोचला आणि पुढच्या मार्चपर्यंत राहिला. पॅरिसमध्ये काही वर्षांपूर्वी वान लो या चित्रकाराने काढलेलं स्वतःचं चित्र दिदरोला आवडलं नव्हतं. आपल्याला नटवं, गोंडस करून टाकलं, अशी तक्रार त्याने लिहूनच ठेवली. लेव्हित्स्कीने त्याला टोपाशिवाय, घरच्या झग्यात रंगवलं. उंच कपाळ, विरळ केस, दमलेला, विचारात पडलेला माणूस. हे चित्र आज जिनिव्हाच्या संग्रहालयात आहे. युरोपातल्या नावाजलेल्या चित्रकारांना जमलं नाही ते कीवच्या कोरीवकाराच्या मुलाला जमलं, असं मी स्पष्ट म्हणतो.

आता त्याच्या सर्वांत प्रसिद्ध चित्राकडे येतो, आणि तिथे मला त्याच्याविषयी वाईट वाटतं. 1783 च्या सुमारास त्याने ‘न्यायदेवतेच्या मंदिरातली कायदा देणारी कॅथरीन’ हे चित्र केलं. विषयाची आखणी त्याचा मित्र, वास्तुकार आणि कवी निकोलाय ल्वोव्ह याची. सम्राज्ञी वेदीवर अफूची फुलं जाळते आहे, म्हणजे प्रजेसाठी स्वतःची झोप अर्पण करते आहे. पायाशी कायद्याची पुस्तकं, त्यांवर पहारा देणारा गरुड, मागे समुद्रावर जहाज. लेव्हित्स्कीने या सगळ्या खुणांचा अर्थ त्या काळच्या एका साहित्यिक मासिकात छापूनही दिला. देर्झाविन या कवीने याच चित्राच्या प्रेरणेने कविता लिहिली. चित्राच्या अनेक प्रती निघाल्या. पण कॅथरीन त्यासाठी लेव्हित्स्कीसमोर बसली नव्हती. चित्र पाहताना ते कळतं. साटिन अप्रतिम आहे, हातांची ठेवण डौलदार आहे, आणि चेहरा बंद आहे. ज्या बाईच्या शाळेतल्या अकरा वर्षांच्या मुलीचं मन त्याने उघडून दाखवलं, त्या बाईचं मन त्याला पाहायलाच मिळालं नाही. राज्यकर्त्यांना आपलं चित्र हवं असतं. आपल्याकडे कुणी पाहिलेलं त्यांना नको असतं.

मानाचंही तसंच झालं. अकादमीत सतरा वर्षं शिकवून 1788 मध्ये तो प्रकृतीच्या कारणाने निवृत्त झाला, तेव्हा त्याला वर्षाला 200 रूबल पेन्शन मिळाली. पुढच्या दशकात दरबाराचा ओढा व्हिएन्नाहून आलेल्या लाम्पीकडे गेला. लाम्पीचे चेहरे सगळे तजेलदार, सगळे प्रसन्न. मागणी अशा चेहऱ्यांना असते. याच सुमारास प्रकाशक नोव्हिकोव्ह याला कॅथरीनने 1792 मध्ये तुरुंगात टाकलं. त्याला 15 वर्षांची शिक्षा झाली. पॉल गादीवर आल्यावर 1796 मध्ये तो सुटला. दरबाराला नको झालेल्या या माणसाचं लेव्हित्स्कीने काढलेलं व्यक्तिचित्र मॉस्कोच्या त्रेत्याकोव्ह संग्रहात आहे. त्या चित्रात ना खांब आहे ना पडदा. एक हात किंचित पुढे आलेला, जणू वाक्य अर्ध्यावर आहे.

म्हातारपणी त्याची दृष्टी गेली. 1807 मध्ये अकादमीने त्याला पुन्हा बोलावून आपल्या सल्लागार मंडळावर घेतलं, पण तोवर हातून फारसं काम होत नव्हतं. 1822 मध्ये पीटर्सबर्गमध्ये तो वारला. पुढच्या पिढ्या त्याला जवळजवळ विसरून गेल्या. त्याला पुन्हा उजेडात आणलं ते सर्गेइ दियाघिलेव याने. पुढे बॅलेसाठी जगप्रसिद्ध झालेल्या या माणसाने 1902 मध्ये लेव्हित्स्कीवर मोठा ग्रंथ काढला, आणि 1905 मध्ये तॉरिद राजवाड्यात रशियन व्यक्तिचित्रांचं प्रचंड प्रदर्शन भरवलं. त्यासाठी तो स्वतः गावोगावच्या जुन्या वाड्यांत फिरून चित्रं गोळा करून आणत होता. रशियात त्या वर्षी क्रांतीचं वारं होतं, आणि पुढच्या काळात त्यातले कितीतरी वाडे जळाले. एका अभ्यासकाने वेळेवर केलेल्या कामाचं मोल किती असतं ते यावरून कळतं. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांत आणि संस्थानांच्या कोठारांत पडलेल्या व्यक्तिचित्रांची नोंद करायला कुणी तरुण माणूस पुढे आला, तर सरांना त्याच्याइतका आनंद दुसऱ्या कशाचा झाला नसता.

स्मोल्नीची सातही चित्रं आज पीटर्सबर्गच्या रशियन संग्रहालयात आहेत. त्यांच्या छापील प्रती आपण शेजारच्या खोलीत मांडल्या आहेत. सरांच्या पाकिटातलं ते कार्डही तिथेच, काचेखाली ठेवलं आहे. जाताना सगळ्यांनी ते पाहा. झग्याची चमक पटकन डोळ्यांत भरेल. तिथे थांबू नका. खोवान्स्कायाच्या मानेकडे आणि बाजूला सरकलेल्या नजरेकडे पाहा, आणि सरांनी आम्हाला विचारलेला प्रश्न तुमच्याबरोबर आलेल्या मुलांना विचारा.